९१ दिवस भरले म्हणजे आजार संपला का?

प्रश्न: ताई नमस्कार. माझा लहान भाऊ चाकणला सीएनसी ऑपरेटर आहे, चार वर्षं झाली, पगार १८ हजार, ईएसआय (कर्मचारी राज्य विमा) कापतात. त्याला टीबी निघाला. ईएसआयचे पैसे येत होते ते आता बंद झाले, कंपनीच्या ऑफिसातला माणूस म्हणतो ९१ दिवस भरले, आता काही नाही. डॉक्टर म्हणतात गोळ्या चालू ठेवा, कामावर इतक्यात नको. खरंच काही नाही का? आणि आमच्यातला एकजण म्हणतो, आजारपणाचा भत्ता घेणारे कमी झाले की समजायचं कामगार धडधाकट झाले. मला हे पटत नाही.
– एक वाचक, भोसरी

उत्तर: दादा, आहे. ९१ दिवस ही साध्या आजारपणाची वर्षाची मर्यादा, त्यात पगाराच्या ७० टक्के मिळतात. टीबी, कॅन्सर, कुष्ठरोग, पक्षाघात अशा ३४ लांबणाऱ्या आजारांसाठी वेगळा वाढीव भत्ता आहे, ८० टक्के, आणि डॉक्टरी सल्ल्यानं तो दोन वर्षांपर्यंत जाऊ शकतो. अट म्हणजे दोन वर्षं सलग विम्याखालची नोकरी आणि आधीच्या चार सहामाहींत मिळून १५६ दिवसांची वर्गणी, भाऊ चार वर्षं नियमित कामावर आहे म्हणजे बहुतेक बसतोच. १८ हजारांवर दिवसाचे साधारण ६०० धरले तर ४२० च्या जागी ४८० रुपये. टीबीची साधी ट्रीटमेंटच सहा महिन्यांची असते हो, तिथं तीन महिन्यांत भागणार कसं, त्यासाठीच तर ही सोय केलीय, आणि ज्याला गरज आहे त्यालाच ती कुणी सांगत नाही याचं मला फार वाईट वाटतं. ईएसआयच्या डॉक्टरकडून सर्टिफिकेट घेत राहा, मधे खंड पडू देऊ नका, त्यावर आजाराचं नाव नीट लिहून घ्या आणि शाखा कार्यालयात स्वतः जा, कंपनीतल्या माणसाच्या तोंडी उत्तरावर थांबू नका. टीबीच्या पेशंटला उपचार चालू असेपर्यंत निक्षय पोषण योजनेतून महिन्याला १,००० रुपये खात्यात येतात, नोव्हेंबर २०२४ पासून ५०० चे १,००० झालेत, तेही आलेत का बघा.

आता आकड्यांचं. तुम्हाला पटत नाही ते बरोबरच आहे. भत्त्याचा आकडा किती जण आजारी पडले हे सांगत नाही, किती जणांना पैसे दिले एवढंच सांगतो. आजारी माणूस त्यात यायला आधी विम्यात हवा, म्हणजे पगार २१,००० च्या आत हवा, आणि ही मर्यादा जानेवारी २०१७ पासून तीच आहे. इन्क्रिमेंटनं पगार २१,५०० झाला की चालू सहामाही संपल्यावर माणूस विम्यातून बाहेर, मग त्याची पाठ कितीही दुखली तरी त्या हिशोबात तो नाहीच. शिवाय सहामाहीत ७८ दिवसांची वर्गणी लागते, म्हणजे ठेकेदाराकडे दोन महिने इथं, दोन महिने तिथं करणारा पोरगा विम्यात असूनसुद्धा भत्त्यात बसेलच असं नाही. आणि पहिले दोन दिवस सहसा पैसे मिळत नाहीत म्हणून तापात कामावर जाणारे किती असतील, भोसरीत राहता तर तुम्ही रोज बघत असाल. यातलं काहीही बदललं की भत्ता घेणारे कमी-जास्त होतात, तब्येती होत्या तशाच राहिल्या तरी.

प्रश्न: माझे मिस्टर वारज्याच्या मजूर अड्ड्यावरून बिगारी कामाला जातात. डेंग्यूनं आठ दिवस पडून होते. तेव्हाच सरकारी सर्वेवाली बाई आली, काय काम करता विचारून गेली. यांची नोंद काय झाली असेल?
– एक वाचक, वारजे

उत्तर: ताई, ती पीएलएफएसवाली, म्हणजे सरकारच्या रोजगार-बेरोजगारीच्या सर्वेची असेल तर ऐकून तुम्हाला राग येईल, मला आला होता. त्यात मागच्या सात दिवसांचं विचारतात. पगारी माणूस आठवडाभर आजारी असला तर तो 'नोकरीत आहे, आजारपणामुळे गेला नाही', म्हणजे रोजगारातच धरतात. स्वतःचं दुकान असलेल्याचंही तसंच. पण रोजंदारीवाल्याचा कोड वेगळा, ९८, आणि तो त्या आठवड्यापुरता श्रमबलाच्याच (काम करणारे आणि काम शोधणारे मिळून) बाहेर. बेरोजगारसुद्धा नाही! एकच डेंग्यू, पण महिन्याचा पगार असेल तर कामगार आणि हातावर पोट असेल तर नाही. २०२३-२४ च्या याच सर्वेत देशातले साधारण २० टक्के काम करणारे रोजंदारीवर होते आणि नियमित पगारी साधारण २२ टक्के, म्हणजे ही काही मूठभर माणसं नाहीत.

बुडालेली मजुरी कुठून मिळणार नाही, खोटी आशा दाखवत नाही. पण बारा महिन्यांत ९० दिवस बांधकामावर भरले असतील तर बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळात नोंदणी होते, वय १८ ते ६० हवं. ठेकेदाराकडून ९० दिवसांचा दाखला मात्र काम चालू असतानाच मागून घ्या, साइट संपली की ठेकेदार फोन उचलत नाहीत.