हतनूरला आधी पूर्वेचा काठ गाठा

भाऊ, फेब्रुवारी-मार्चात तलावावर पक्षी पाहायला जायचं तर दुर्बीण ८ बाय ४२ (आठपट मोठं दाखवणारी, ४२ मिमी भिंगाची) पुरे. महागड्या कॅमेऱ्याची घाई नको. हतनूर धरण असो, जळगावचा मेहरूण तलाव असो की धुळ्याचा नकाणे, सकाळी पूर्वेच्या काठावर उभे राहा. ऊन पाठीवर येतं, पक्ष्यांचे रंग दिसतात. पश्चिमेला उभे राहिलात तर सगळी बदकं काळीच.

या दिवसांत हिवाळ्यात आलेले पाहुणे पक्षी उत्तरेकडे परतायच्या तयारीत असतात. थापट्या बदक ओळखायला सोपा. फावड्यासारखी रुंद चोच पाण्यावर टेकवून गोलगोल फिरतो, बरेचदा चारपाच जण एकामागे एक, आणि पुढच्याने ढवळलेलं पाणी मागचा गाळतो. हे दहा मिनिटं नुसतं पाहा, नावांची यादी नंतर. पिवळा धोबी याच सुमारास जास्त पिवळा होत जातो, त्यामुळे एकच पक्षी आठवड्याने वेगळा वाटतो. हळदी-कुंकू बदक मात्र इथलंच, त्याला पाहुण्यात धरू नका.

काठाच्या ओल्या चिखलाकडेही बघा. मुंगूस, कोल्हा यांचे ठसे पहाटे ताजे असतात. ऊन चढलं की दगडावर कासव येतं. चाहूल लागली की बुडालंच.

परतताना दादरच्या, म्हणजे रब्बी ज्वारीच्या, शेताकडून या. भोरड्यांचे (गुलाबी मैनांचे) थवे कणसांवर उतरलेले असतात. शेतकरी वैतागतो, आपण खूश होतो. पळस फुलला असेल तर तिथेही त्या हमखास. कुत्रं मात्र घरीच ठेवा.