परीक्षक व्हावे की वकील: वडोदऱ्याच्या एका विद्यार्थिनीस पत्र

प्रिय विद्यार्थिनीस,

अनेक आशीर्वाद.

रसायनशास्त्रात एम.एस्सी. झाल्यावर पेटंट परीक्षक व्हावे की पेटंटची वकिली करावी, असे तू विचारले आहेस. माझा आग्रह इतकाच की हा निर्णय घेण्याआधी तू क्लेम, म्हणजे नेमक्या कशावर हक्क सांगितला आहे ते मांडणारी पेटंटमधली वाक्ये, वाचायला शीक.

अर्जासोबतच्या स्पेसिफिकेशन नावाच्या दस्तऐवजात शोधाचे सविस्तर वर्णन असते, पण कायद्याचे संरक्षण मिळते ते अखेरीस लिहिलेल्या क्लेमना. एखाद्या प्रक्रियेच्या क्लेममध्ये ‘80 ते 90 अंश तापमानाला’ असे लिहिले, तर 70 अंशांवर तेच करणारा प्रतिस्पर्धी बहुधा त्याच्या कक्षेबाहेर राहतो. नुसते ‘तापवून’ लिहिले, तर जुन्या एखाद्या निबंधात तेच आधी सापडण्याची आणि क्लेम कोसळण्याची शक्यता वाढते. वकील हे वाक्य शक्य तितके रुंद ठेवू पाहतो, परीक्षक ते पूर्वज्ञानाशी, म्हणजे आधीच उपलब्ध असलेल्या माहितीशी, ताडून पाहतो. दोघांचे आयुष्य त्या एका वाक्याभोवतीच जाते.

पूर्वज्ञान म्हणजे नुसते ‘सगळ्यांना ठाऊक आहे’ असे म्हणणे नव्हे. हळदीने जखम भरण्यावर 1995 मध्ये अमेरिकेत पेटंट मिळाले, तेव्हा डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या नेतृत्वाखालील सीएसआयआर या सरकारी संशोधन संस्थेला आपल्या घराघरांतले हे ज्ञान छापील पुराव्यानिशी मांडावे लागले. त्यांत संस्कृत ग्रंथांबरोबर 1953 चा एक वैद्यकीय निबंधही होता, आणि 1997 मध्ये ते पेटंट रद्द झाले. असा नेमका कागद शोधून काढण्याची चिकाटी दोन्ही बाजूंना लागते.

औषधकंपन्यांच्या या शहरात तुला पेटंट कायद्याचे कलम 3(घ) सतत भेटेल. ज्ञात पदार्थाचे नवे रूप परिणामकारकतेत सरस ठरत नसेल, तर त्याला पेटंट नाही. औषधांच्या बाबतीत ही परिणामकारकता उपचारात्मकच हवी, असे सर्वोच्च न्यायालयाने नोव्हार्टिस या औषधकंपनीच्या खटल्यातील 2013 च्या निकालात सांगितले. तो निकाल सारांशावर न भागवता संपूर्ण वाच.

व्यवहाराचेही सांगते. पेटंट एजंटच्या, म्हणजे इतरांचे पेटंट अर्ज लिहून पेटंट कार्यालयात दाखल करणाऱ्याच्या, परीक्षेला विज्ञान किंवा अभियांत्रिकीची पदवी पुरते. शंभर-शंभर गुणांच्या दोन प्रश्नपत्रिका आणि 50 गुणांची मुलाखत असते. न्यायालयात उभे राहायचे असेल तर मात्र एलएल.बी. हवीच. परीक्षकाची नोकरी वडोदऱ्यात मिळणार नाही, कारण पेटंट कार्यालये कोलकाता, दिल्ली, मुंबई आणि चेन्नई येथे आहेत. गुजरातचे अर्ज मुंबईकडे जातात. परंतु परीक्षक म्हणून दहा वर्षे काम केल्यावर नोकरी सोडली, तर परीक्षेविना एजंट होता येते, म्हणून मला तो मार्ग तुझ्यासारखीला अधिक योग्य वाटतो. शेकडो अर्जांतले दोष पाहिलेली व्यक्ती पुढे निर्दोष अर्ज लिहू शकते.

वकिलीकडे वळलीस, तर मकरपुऱ्यातील लहान कारखानदार तुझ्याकडे येतील. यंत्र प्रदर्शनात मांडण्यापूर्वी निदान तात्पुरते स्पेसिफिकेशन दाखल करा, हे त्यांना आधीच सांगावे लागते. त्यानंतर पूर्ण स्पेसिफिकेशनसाठी 12 महिने मिळतात.

तुझ्या प्रबंधाच्या विषयातले एखादे मंजूर भारतीय पेटंट निवड. क्लेम झाकून फक्त वर्णन वाच आणि पहिला क्लेम स्वतः लिही. मग मूळ क्लेम, परीक्षकाचे आक्षेप आणि अर्जदाराचे उत्तर पेटंट कार्यालयाच्या संकेतस्थळावर वाच. तुझा मसुदा मला पाठव. आपण त्यावर शब्दशः बोलू.

तुझी हितचिंतक