लहान मुलांच्या गोष्टींच्या तासात गोष्ट आणि हस्तकला यांची सांगड कशी घालावी?

तीन ते सहा वर्षांच्या मुलांसाठी दर आठवड्याला एक विषय घेऊन गोष्ट आणि हस्तकला असा पाऊण तासाचा कार्यक्रम कसा आखावा, असे आपण विचारले आहे. असे तास घेताना मी विषय नामाऐवजी क्रियापदातून निवडतो. ‘प्राणी’ हा विषय इतका पसरट आहे, की प्राण्याची कोणतीही गोष्ट आणि प्राण्याचा कोणताही मुखवटा त्यात खपून जातो आणि दोहोंचा एकमेकांशी संबंध उरत नाही. त्याऐवजी ‘लपणे’ हा विषय घेऊन पाहा. शत्रूपासून लपणाऱ्या सरड्याची गोष्ट झाली, की ठिपक्यांच्या कागदावर ठिपक्यांचाच सरडा चिकटवून तो दिसेनासा का करायचा, हे मुलांना वेगळे समजावून सांगावे लागत नाही. उगवणे, उडणे, साठवणे, सावली पडणे असे विषय याच पद्धतीने उलगडतात.

गोष्ट दोनदा सांगावी, हा माझा सर्वांत आग्रहाचा मुद्दा आहे. पहिल्यांदा पुस्तकातील चित्रे दाखवत सांगावी, मग हस्तकला घ्यावी आणि शेवटी मुलांनी केलेल्या वस्तू त्यांच्याच हातात ठेवून तीच गोष्ट पुन्हा, या वेळी बरीचशी त्यांच्या तोंडून, वदवून घ्यावी. पहिल्या गोष्टीला दहा-बारा मिनिटे, हातवाऱ्यांच्या बडबडगीताला तीन-चार, हस्तकलेला पंधरा-वीस आणि उरलेला वेळ दुसऱ्या फेरीला, असा माझा साधारण हिशेब असतो. गोष्ट सांगताना ‘हा कोण?’ यापेक्षा ‘आता तो काय करेल?’ असे विचारावे. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ ग्रोव्हर व्हाइटहर्स्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८८ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, चित्रपुस्तक वाचताना असे मोकळे प्रश्न विचारण्याचे आणि मुलांच्या उत्तरांत भर घालण्याचे प्रशिक्षण मिळालेल्या पालकांची दोन-अडीच वर्षांची मुले महिन्याभरातच बोलण्यात पुढे गेल्याचे आढळले होते.

दुसऱ्या फेरीत वस्तू वापरायची असल्यामुळे साहित्याची निवड बरीच सोपी होते. पातळ डिंक वेळेत वाळत नाही, म्हणून ग्लू स्टिक बरी. ओला रंग त्याच कारणाने टाळावा आणि तेलखडू घ्यावेत. तिसऱ्या वर्षी मूल कात्रीने कागदाच्या कडेला छोटे काप देऊ शकते, पण रेषेवरून कापणे बहुतेकांना चौथ्या-पाचव्या वर्षाकडे जमते. त्यामुळे लहानांना कागद फाडू द्यावा, मोठ्यांना सरळ रेषा कापू द्याव्यात आणि गोलाकार तुकडे आपणच आधी कापून ठेवावेत. सोबत तीन वर्षांखालील भावंडे येत असतील, तर मणी, बटणे आणि चिकटवायचे डोळे मुळीच ठेवू नयेत. टॉयलेट पेपरच्या रिकाम्या नळीतून जी वस्तू आरपार जाते, ती त्या वयाच्या मुलाच्या घशात अडकू शकते, असे समजावे.

तयार नमुना मी समोर ठेवत नाही. नमुना दिसला, की मुले गोष्ट विसरून त्याची नक्कल करू लागतात आणि पालक (हे थोडे कटू आहे, पण खरे आहे) मुलाच्या हातातून कात्री काढून घेतात. मी फक्त चिकटवण्याची किंवा घडी घालण्याची रीत कोऱ्या कागदावर करून दाखवतो. सरड्याला पाच पाय झाले तर होऊ द्यावेत. प्रत्येकाचे नाव मात्र चिकटकामापूर्वीच मागील बाजूस लिहून घ्यावे. एखाद्या मुलाला काहीच करायची इच्छा नसेल, तर त्याला बळेच बसवू नये. दुसऱ्या फेरीत सरड्याला शोधणाऱ्या शत्रूची भूमिका त्याला द्यावी. त्या भूमिकेसाठी कसलीही वस्तू लागत नाही आणि गोष्ट तर तिच्यावाचून पुढे सरकतच नाही.