नेरुळला आईबाबा दोघंच राहतात, त्यांच्यासाठी इमर्जन्सी अलार्म कोणता घ्यावा?

तुम्ही पुण्याला, आई ७४ आणि बाबा ८१ वर्षांचे, नेरुळला सिडकोच्या जुन्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. गळ्यातलं बटण घ्यावं, पडल्याचं ओळखणारं घड्याळ घ्यावं की महिन्याचे पैसे भरून अलार्मच्या फोनला उत्तर देणारी सेवा घ्यावी, असं तुम्ही विचारलंय. माझे आईबाबा ठाण्यात नौपाड्याला, मी कोपरखैरण्याला. आमच्याकडे जे झालं ते आधी सांगतो, कारण माझं सगळं उत्तर त्यातूनच आलंय.

आई पहाटे साडेचारला बाथरूमला गेली आणि घसरली. मोबाइल पलंगाशी चार्जिंगला. बाबा कानातलं मशीन काढून झोपतात, त्यामुळे तिच्या हाका त्यांना ऐकूच गेल्या नाहीत. सहाला ते उठले तेव्हा बाथरूमला आतून कडी, दार आत उघडणारं आणि आई नेमकी दाराशी पडलेली. कडी उचकटली, पण दार ढकललं की तिच्याच पायाला लागायचं. शेवटी शेजारच्या काकूंचा सडपातळ मुलगा फटीतून कसाबसा आत शिरला. खुबा वाचला, पण दीड तास गार, ओल्या फरशीवर एकाच कुशीवर पडल्याने दंड आणि मांडी काळीनिळी झाली होती. डॉक्टर म्हणाले, असं बराच वेळ पडून राहिलं की दबलेले स्नायू खराब होतात आणि त्याचा भार किडनीवर येतो. पडणं एक संकट आणि पडून राहणं दुसरं. अलार्म घ्यायचा तो या दुसऱ्यासाठी.

म्हणून माझं सांगणं असं की बटणापासून सुरुवातच करू नका. बेल वाजल्यावर पाच मिनिटांत दारात कोण येईल आणि तो आत कसा शिरेल, हे आधी ठरवा. बटण दाबलं की यंत्र ठरवलेल्या नंबरांना एकामागून एक फोन लावतं, त्यात आम्ही पहिल्यांदा माझा नंबर पहिला टाकला होता. मुलगा म्हणून तेच बरोबर वाटलं. पण पहाटे मला ठाणे-बेलापूर रस्त्याने नौपाडा गाठायला अर्धा तास लागतो, दिवसा तर विचारूच नका. आता पहिला नंबर शेजारच्या काकूंचा, दुसरा खालच्या मजल्यावरच्यांचा, तिसरा सोसायटीच्या वॉचमनच्या केबिनचा आणि चौथा माझा. घराची किल्ली काकूंकडे असते. सेफ्टी डोअरला रात्री आतून घालायची कडी आईला सोडायला लावली, लॅच पुरतं. याला ती महिनाभर तयार नव्हती, चोरांची भीती. काकू स्वतः येऊन बोलल्या तेव्हा ऐकलं. आणि सुताराला बोलावून बाथरूमचं दार बाहेर उघडणारं करून घेतलं, कडी बाहेरूनही निघेल अशी बसवली. अलार्म नाही घेतलात तरी हे काम या आठवड्यात कराच.

आता यंत्राचं. आमचं पहिलं बटण वायफायवर चालणारं होतं. चार दिवस छान चाललं, पाचव्या रात्री सहज दाबून पाहिलं तर काहीच नाही. बाबा झोपताना राउटरचं बटण बंद करत होते. आयुष्यभर दिवे-पंखे बंद करत आलेला माणूस, त्यांना रात्रभर मिणमिणणारा दिवा बघवेना. शिवाय वीज गेली की तीच गत. त्यामुळे स्वतःचं सिम आणि स्वतःची बॅटरी असलेलंच यंत्र घ्या. त्यातही एक खाच आहे: अशी बरीच स्वस्त यंत्रं फक्त २जी नेटवर्कवर चालतात आणि जिओकडे २जी नाहीच, त्यामुळे त्यांत जिओचं सिम चालत नाही. खोक्यावर ४जी लिहिलंय का ते बघा. सिमचं रिचार्ज संपलं तर यंत्र मुकं होतं, तेव्हा त्याची तारीख तुमच्या मोबाइलवर लावून ठेवा, आईबाबांवर सोपवू नका. आणि ज्यांचे नंबर टाकाल त्या सगळ्यांच्या फोनमध्ये त्या सिमचा नंबर नावाने सेव्ह करा. पहाटे अनोळखी नंबर कोणीच उचलत नाही.

बटण पाण्यात चालणारं हवं, म्हणजे पाणी आत न शिरण्याचं मानांकन आयपी६७ किंवा त्यावरचं. आईने सुरुवातीला ते आंघोळीआधी काढून खुंटीला अडकवायला सुरुवात केली. खुंटी पाच फुटांवर. पडलेल्या माणसाला पाच फूट म्हणजे दुसरा मजला. गळ्यातलं मंगळसूत्रात गुंतायचं, म्हणून मनगटावरचा पट्टा घेतला. आणि बाथरूममध्ये कमोडशेजारी दुसरं बटण चिकटवलं, जमिनीपासून वीतभर उंचीवर. ब्रिटनमध्ये अपंगांसाठीच्या स्वच्छतागृहात मदतीची लाल दोरी थेट जमिनीलगत लोंबती ठेवतात, त्यामागे हाच हिशोब आहे.

बाबांसाठी खोलीत मोठा आवाज आणि लखलखणारा दिवा असलेली बेल लावली. तुमच्या बाबांना ऐकू नीट येतं का, ते मशीन काढून झोपतात का, हे विचारा. दोघं घरात असली की एक दुसऱ्याला उठवेल असं आपण गृहीत धरतो, आम्हीही धरलं होतं.

घड्याळाबद्दल: ॲपल वॉचमध्ये २०१८च्या सिरीज ४पासून पडल्याचं ओळखायची सोय आहे. जोरात पडून माणूस मिनिटभर हलला नाही तर ते स्वतःहून फोन लावतं. बेशुद्ध पडलेल्याला बटण दाबता येत नाही, तिथे याचा खरा उपयोग. पण आयफोन लागतो, चार्जिंग जवळपास रोजचं, आणि रात्री चार्जिंगला काढून ठेवलं तर नेमक्या पहाटेच्या वेळी हातात नसतं. पलंगावरून हळूच घसरत खाली बसलेला माणूस अशा यंत्रांना पडल्यासारखा वाटत नाही, आणि म्हातारी माणसं बरेचदा तशीच पडतात. बाबा अजून एकटे फिरायला जात असतील आणि आयफोन वापरत असतील तर घ्या, नाहीतर नको.

महिन्याची सेवा घ्यायची तर पैसे भरण्याआधी त्यांच्या नंबरवर रात्री दोनला फोन करून बघा. किती वेळात उचलतात, समोरचा मराठीत बोलतो का? घाबरलेल्या माणसाला आपलीच भाषा सुचते.

फुकट गोष्टीही आजच करून ठेवा. रुग्णवाहिकेसाठी १०८ आणि सगळ्या तातडीसाठी ११२, हे मोठ्या अक्षरात फोनशेजारी चिकटवा. बऱ्याच स्मार्टफोनवर पॉवरचं बटण पटापट तीनदा किंवा पाचदा दाबलं, किंवा साध्या फोनवर ५ किंवा ९ दाबून धरलं, की मदतीचा फोन लागतो. त्यांचा फोन कसा लावतो ते स्वतः बघून त्यांना शिकवा. १४५६७ ही ज्येष्ठांची हेल्पलाइन सल्ल्यासाठी, पेन्शनच्या किंवा कायद्याच्या अडचणींसाठी चांगली, पण पडल्यावर फोन करायचा तो हा नंबर नव्हे.

तुमच्याकडे लिफ्ट नाही, म्हणून एक जास्तीचं: तिसऱ्या मजल्यावरून आजारी माणसाला खाली आणायला हात आणि पट्टा असलेली एक मजबूत खुर्ची आणि दोन माणसं लागतात. ती दोन माणसं इमारतीतली कोण, हे पुढच्या वेळी नेरुळला जाल तेव्हा घरोघरी जाऊन विचारून या. यंत्र बसवलं की आईला बाथरूमच्या कोरड्या फरशीवर खाली बसवा, दार लोटून घ्या आणि तिथून बटण दाबायला सांगा. हात पोचतो का ते बघा, आणि शेजारची बेल वाजेपर्यंत घड्याळ लावून थांबा. आम्ही हे दर महिन्याच्या पहिल्या रविवारी करतो. काकू किल्ली घेऊन येतात आणि चहा पिऊनच जातात.