देणग्या मागायच्या नाहीत, पण काम संस्थेतच करायचंय

सामाजिक संस्थेत काम करायची मनापासून इच्छा आहे, पण कुणाकडे पैसे मागणं जमणार नाही. मग या क्षेत्रात आपल्याला जागा आहे का? करिअर समुपदेशनात हा प्रश्न वरचेवर येतो. विचारणारे बहुतेक जण जरा ओशाळलेले असतात, समाजकार्याच्या निम्म्या परीक्षेत आधीच नापास झाल्यासारखे. इथे सांगते ती केस तिशीच्या आतल्या एका मुलीची. ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदललेत.

ती आधी शिक्षिका होती. मग मुलांच्या वाचनावर काम करणाऱ्या एका लहान संस्थेत कार्यक्रम समन्वयक म्हणून लागली. कामात हुशार, फिल्डवर रमणारी. वर्षअखेरीला संस्थेने मोहीम काढली: प्रत्येक कर्मचाऱ्याने स्वतःचं ऑनलाइन देणगी-पान उघडायचं आणि ओळखीच्यांकडून पैसे जमवायचे. रोज संध्याकाळी ऑफिसच्या ग्रुपवर नावं आणि रकमांची यादी यायची. हिचं नाव तळाला.

तिने मला मोबाइलवर एक मेसेज दाखवला. कॉलेजच्या मैत्रिणीला लिहिलेला. ‘कशी आहेस गं? किती दिवसांत बोलणंच नाही!’ आणि खाली देणगीची लिंक. त्याच्या वरचा, म्हणजे आधीचा मेसेज त्या मैत्रिणीच्या लग्नाच्या शुभेच्छांचा होता. लिंकखाली दोन निळ्या खुणा, उत्तर काही नाही.

“मॅडम, मी तिची खुशाली विचारत होते की फक्त लिंक टाकायला निमित्त शोधत होते?”

तिचा निष्कर्ष ठरलेला होता. हे क्षेत्र आपलं नाही, परत शाळेत जावं.

मी तिला एवढंच म्हटलं की निष्कर्ष राहू दे, आधी ‘नको’ म्हणजे नेमकं काय काय नको ते वेगळं करू. कागदावर एकेक काम लिहीत गेलो. ओळखीच्यांकडे देणगी मागणं? “नाही.” अनोळखी माणसाला फोन करून मागणं? “नाही, पण ओळखीच्यांपेक्षा बरं.” एखाद्या फाउंडेशनसाठी प्रपोजल लिहिणं? ती थांबली. “ते मी लिहिलंय. आवडलं होतं.” प्रकल्पाचं बजेट मांडणं, सहामाही रिपोर्ट, खर्चाचा हिशेब? “चालेल.” देणगीदार भेटीला आले तर त्यांना काम दाखवणं? “चालेल. पण त्यांच्यासमोर मुलांना उभं करून घरची गरिबी सांगायला लावायची नाही.” हे वाक्य ती इतक्या ठामपणे बोलली की मी ते जसंच्या तसं कागदावर उतरवलं.

कागद भरला तेव्हा चित्र बरंच निराळं होतं. पैशांशी तिचं वैर नव्हतंच. नात्यांची भीड घालून मागणं आणि मुलांची अगतिकता दाखवून मागणं, या दोनच गोष्टी तिच्या घशाखाली उतरत नव्हत्या. दुसऱ्या गोष्टीला तर मी आक्षेप न म्हणता व्यावसायिक सचोटीच म्हणेन. पण दोन्ही मिळून ‘फंडरेझिंग’ या एका शब्दात गेल्या आणि त्या शब्दाने अख्खं क्षेत्र झाकून टाकलं.

पुढचा भाग माहितीचा. मागण्याचं काम कर्मचाऱ्यांपैकी कुणाच्या वाट्याला येतं, हे मुख्यतः संस्थेचा पैसा कुठून येतो आणि संस्था केवढी आहे यावर ठरतं. संकटग्रस्त भागांत वैद्यकीय मदत देणाऱ्या ‘डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स’ या आंतरराष्ट्रीय संस्थेचंच बघा. तिचा ९० टक्क्यांहून जास्त पैसा खासगी देणग्यांतून येतो, त्यातही मोठा वाटा सामान्य माणसांच्या छोट्या देणग्यांचा. म्हणून २०१६ मध्ये स्थलांतरितांबाबतच्या धोरणाच्या निषेधार्थ युरोपीय संघ आणि त्याच्या सदस्य देशांच्या सरकारांचा निधी ती नाकारू शकली. पण तिथले डॉक्टर, परिचारिका, सामानाची ने-आण बघणारे देणग्या गोळा करत हिंडत नाहीत; त्यासाठी वेगळी माणसं आहेत. याउलट आठ-दहा माणसांच्या संस्थेत वेगळा विभाग परवडत नाही, मग ते काम सगळ्यांच्या गळ्यात येतं.

ते परवडत नाही यामागे देणगीदारांचाही हात असतो. प्रशासनावर कमीत कमी खर्च करणारी संस्था चांगली, अशी समजूत घट्ट आहे. देणगीदारांना संस्थांची माहिती पुरवणाऱ्या आणि त्या जोखणाऱ्या तीन अमेरिकी संस्थांनी २०१३ मध्ये खुलं पत्र काढून सांगितलं की केवळ प्रशासकीय खर्चाच्या टक्केवारीवरून संस्थेची पारख करू नका. समजूत मात्र अजून हटलेली नाही, आणि तिची किंमत हिच्यासारख्या समन्वयकाला आपल्या मैत्रिणींच्या यादीतून मोजावी लागते.

अनुदान, सरकारी कंत्राट, सेवेचं शुल्क किंवा कॉर्पसचं (कायम ठेवीचं) व्याज यांवर चालणाऱ्या संस्थांत कार्यक्रमाच्या माणसावर मागण्याची वेळ सहसा येत नाही. निधी देणाऱ्या फाउंडेशनमध्ये तर टेबलाच्या पलीकडच्या बाजूला बसता येतं. तिथली भीड वेगळी, पण तो आजचा विषय नाही.

मात्र एक गोष्ट मी तिला स्पष्ट सांगितली: मागणं टाळता येतं, पैसा टाळता येत नाही. कार्यक्रमाच्या माणसाला निर्देशक (कामाचा परिणाम मोजायची मापं), आकडेवारी, रिपोर्ट यांतून सुटका नाही. यूएसएआयडी या अमेरिकी सरकारच्या परदेशी मदत संस्थेसाठी १९६९ मध्ये तयार झालेला ‘लॉगफ्रेम’ नावाचा तक्ता (कामं, फलितं, ती मोजायची कशी, गृहीतं काय) आजही प्रपोजलांना चिकटून येतो आणि तो भरायला फिल्डवरचाच माणूस लागतो. ठरावीक कामासाठी आलेला पैसा देणाऱ्याच्या परवानगीशिवाय दुसरीकडे वळवता येत नाही, हेही माहीत असावं लागतं. २००४ च्या त्सुनामीनंतर याच डॉक्टरांच्या संस्थेने काही दिवसांतच जाहीर केलं की त्सुनामीसाठी पुरेसे पैसे जमलेत, आता त्या नावाने पाठवू नका. आणि जास्तीचा पैसा इतर संकटांत वापरायला देणगीदारांची परवानगी मागितली. बहुतेकांनी ती दिली. हे ऐकून ती म्हणाली, “हेही मागणंच की. पण असं मागायला मला लाज वाटणार नाही.”

मग मुलाखतीची तयारी. उमेदवार स्वतःच्या उणिवांची उत्तरं पाठ करून जातात, पण संस्थेला काय विचारायचं हे त्यांच्या डोक्यातच नसतं. तिने माझ्यासमोर प्रश्न म्हणून पाहिले: संस्थेचं उत्पन्न मुख्यतः कुठून येतं? या पदाचा पगार कोणत्या निधीतून आणि तो निधी कधीपर्यंत आहे? कार्यक्रमाच्या लोकांना देणग्यांचं टार्गेट असतं का? शेवटचा प्रश्न विचारताना आवाज खाली जायचा, म्हणून तोच पुन्हा पुन्हा घेतला. शिवाय जाण्याआधी संस्थेचा वार्षिक अहवाल आणि ताळेबंद वाचायचा. निम्मी उत्तरं तिथेच मिळतात.

पहिल्या ठिकाणी उत्तर आलं, “आमच्याकडे सगळेच थोडं थोडं सगळं करतात.” हे वाक्य ऐकलं की मी सावध व्हायला सांगते. तिने लगेच विचारलं, “म्हणजे माझ्या वाट्याला किती?” समोरच्यांनी विषय बदलला. तिने ती नोकरी घेतली नाही.

एक मुद्दा तिला आवडला नाही, तरी मला सांगावाच लागला. पुढेमागे स्वतःची छोटी वाचन-संस्था काढायची तिची इच्छा होती. संस्था काढणाऱ्याला किंवा चालवणाऱ्याला यातून पळवाट नाही. सुरुवातीला तर तेच मुख्य काम असतं. आणि निधी आणणारे सहकारी म्हणजे तोंड वेंगाडणारे लोक, असा भाव मनात असेल तर तो वेळीच काढलेला बरा. त्यांच्या आणलेल्या पैशांतून आपला पगार होतो आणि त्यांना तो भाव लगेच कळतो. ती थोडी नाराज झाली. “बघू, ते पुढचं पुढे,” म्हणाली. मीही ताणलं नाही.

सध्या ती अनुदानावर चालणाऱ्या एका मध्यम आकाराच्या संस्थेत शिक्षक-प्रशिक्षण बघते. देणगीचं टार्गेट नाही. तीन महिन्यांनी एकदा रिपोर्ट लिहिते, आणि मुलांचे फोटो पालकांच्या संमतीशिवाय किंवा नावासकट द्यायचे नाहीत, असा नियम तिने निधी विभागाकडून मान्य करून घेतलाय. अनुदान दोन वर्षांचं आहे; पुढचं प्रपोजल लिहिताना मदत कराल का, असं त्या विभागाने तिला विचारलं, तेव्हा तिने होकार दिला.