आजीवर लिहायचंय, पण लिहिलेल्यात आजी दिसतच नाही

प्रश्न: ताई, आमची आजी गेल्या भाद्रपदात गेली, नव्वदी ओलांडली होती. जन्म १९३४चा, माहेर अमरेलीचं, १९५२ला लग्न होऊन बडोद्याला आली ती कायमची दांडिया बाजारात. वर्षश्राद्धाला घरगुती पुस्तिका काढायचं ठरलंय आणि लिहायचं काम माझ्याकडे आलंय. सगळ्यांकडून दोन-दोन ओळी मागवल्या तर आलं काय, प्रेमळ, कष्टाळू, देवभोळी, अन्नपूर्णा! आमची आजी तापट होती हो. खंडेराव मार्केटात भाजीवालीशी गुजरातीत कडाकडा भांडायची आणि मग तिच्याच शेजारी बसून घरच्या गोष्टी करायची, वाल सोलायला बसली की कुणी मध्ये बोललेलं चालायचं नाही. धाकट्या जावेशी अबोला होता तो शेवटपर्यंत. काका म्हणतात गेलेल्या माणसाबद्दल चांगलंच लिहावं. काय करू?
– एक नात, बडोदा

उत्तर: अगं, तुझ्या त्या भाजीवालीच्या ओळीत मला आजी लगेच दिसली, तिथूनच सुरुवात कर. प्रेमळ आणि कष्टाळू कुणाची आजी नसते? लोकांना ‘दोन ओळी लिहा’ म्हटलं की ते श्रद्धांजलीच लिहिणार, त्यापेक्षा फोन करून नेमकं विचार, आजी तुम्हाला शेवटची कशावरून ओरडली, तुमच्याकडे आली की कुठे बसायची, निघताना हातावर काय ठेवायची. बोलणं रेकॉर्ड कर, त्यांना सांगून. फॅमिली ग्रुपवर तिच्या व्हॉइस नोट असतील तर त्याही आजच काढून ठेव, फोन बदलताना जाऊ शकतात.

अमरेलीचं माहेर एका ओळीत उरकू नकोस. अमरेली तेव्हा बडोदा संस्थानात होतं, आणि बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी सक्तीचं मोफत प्राथमिक शिक्षण १८९३मध्ये पहिल्यांदा अमरेलीतच सुरू केलं, १९०६ला ते सगळ्या संस्थानात आलं, मुलींनाही. आजी तिथल्या शाळेत गेली असेल तर दाखला ट्रंकेत सापडतो का बघ. संस्थान १९४९ला मुंबई राज्यात गेलं, १९६०ला गुजरात झालं, म्हणजे जन्म संस्थानात, लग्न मुंबई राज्यात आणि नातवंडं गुजरातेत, हे सगळं एका बाईच्या आयुष्यात!

डाळिंब्यांच्या उसळीची कृती घालणारच असशील, तर आजी ज्या वाटीने मापायची ती शोध आणि तिच्यात पाणी भरून किती मिली भरतं ते मोज, नाहीतर ‘एक वाटी’ला प्रत्येकीची वाटी वेगळी.

आता अबोल्याचं. काकांचं मन मी समजू शकते, पण मला ते पटत नाही, तापटपणा काढला तर उरेल ती तुमची आजी नव्हेच. जे अख्ख्या घराला माहीत होतं ते लिही, एका ओळीत, कारणांचा कीस न पाडता, कारण आजी आता स्वतःची बाजू सांगायला नाही. धाकट्या आजी असतील तर छापण्याआधी त्यांना ते पान वाचून दाखव, नको म्हणाल्या तर काढून टाक. आणि आजीने तुला एकटीला विश्वासाने काही सांगितलं असेल तर ते पुस्तिकेत अजिबात नको.

माहेरचं तिच्या पिढीतलं कुणी अमरेलीला असेल तर आधी तिकडे जा, जुने फोटो घेऊन. ते नावं सांगतील ती फोटोच्या मागे मऊ पेन्सिलीने लिही, बॉलपेनचा दाब पुढे उमटतो. पुस्तिका वर्षश्राद्धाला नाही झाली तर दिवाळीला काढा, काही बिघडत नाही.