अभिप्रायावरची तारीख

प्रिय बाळ,

तू पाठवलेले स्क्रीनशॉट काल रात्री एकेक करून वाचले. एकाच डॉक्टरांना कुणी पाच स्टार दिलेत, कुणी एक, आणि तू विचारतेस, "मावशी, खरं कुणाचं मानू?" आमवाताचं निदान होऊन तुला तीन आठवडे झाले, मला 19 वर्षं. मला जे फार उशिरा कळलं ते तुला आत्ताच सांगते.

तो एक स्टारवाला अभिप्राय पुन्हा उघड. पंधरा दिवस गोळ्या घेतल्या, काडीचा फरक नाही, पैसे पाण्यात गेले. त्या माणसाचं दुखणं खरं आहे, रागही समजतो. पण आमवातात सुरुवातीला बहुतेकांना मेथोट्रेक्सेट देतात आणि त्याचा गुण यायला साधारण सहा ते बारा आठवडे लागतात. त्याने निकाल देऊन टाकला तेव्हा औषध पुरतं लागूही पडलं नव्हतं.

आता पाच स्टारवाला बघ. 'दोन दिवसांत चालायला लागले, देवमाणूस!' हे वाचलं की मला आधी स्टिरॉइड आठवतं. त्याने सूज झटकन उतरते. जाणते डॉक्टरही ते थोडे दिवस, सांगून, कमी मात्रेत देतात. त्यात गैर काही नाही. पण न सांगता महिनोन्‌महिने दिलं, किंवा बिननावाच्या पुडीत मिसळलं, तर चेहरा सुजतो, साखर वाढते, हाडं ठिसूळ होतात. तोवर स्टार देणारा स्टार देऊन गेलेला असतो. मीसुद्धा अशाच एका पुडीची चार जणींकडे तोंड भरून तारीफ केली होती. त्यातल्या एकीने ती वर्षभर घेतली. याचं मला आजही वाईट वाटतं.

तेव्हा अभिप्राय वाचताना लिहिणारा किती दिवसांचा पेशंट आहे ते आधी शोध. किती वेळ बसवून ठेवतात, रिपोर्ट समजावून सांगतात का, प्रश्न विचारला तर चिडतात का, एवढं त्यातून नीट कळतं आणि ते कामाचं असतं. सकाळी बोटं आखडलेल्या माणसाला तीन तास बाकावर बसवणं ही लहान गोष्ट नाही. पण उपचार बरोबर होते का, हे तिथे कळत नाही. डॉक्टरांना पेशंटची माहिती उघड करता येत नाही, म्हणून त्यांची बाजूही तिथे नसते. त्यापेक्षा त्यांनी संधिवाताचं वेगळं शिक्षण घेतलंय का ते बघ. प्रिस्क्रिप्शनवर नोंदणी क्रमांक असावाच लागतो. तो महाराष्ट्र वैद्यक परिषदेकडे पडताळून घे.

पेशंटांचा ग्रुप मात्र सोडू नकोस. बरणीचं झाकण कसं उघडायचं, ओले कपडे न पिळता कसे वाळवायचे, घरच्यांना थकवा कसा समजावायचा, हे मला तिथल्या बायकांनीच शिकवलं. फक्त डोस तिथून घेऊ नकोस. मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच घ्यायचं असतं. आमच्यातल्या एकीने दुसरीचा मेसेज अर्धवट वाचून ते रोज घेतलं. तोंडभर फोड आले, पांढऱ्या पेशी घसरल्या, दवाखान्यात भरती करावं लागलं. शिवाय मूल हवं असेल तर हे औषध आधीच बंद करावं लागतं. तुझं नुकतंच लग्न झालंय हे ग्रुपला कुठून ठाऊक असणार?

पेशंटांनी मिळून खरं शोधून काढल्याचं एक उदाहरण मला फार आवडतं. 2008 मध्ये इटलीतल्या एका छोट्या अभ्यासात आलं की लिथियम या औषधामुळे एएलएस, म्हणजे स्नायू चालवणाऱ्या नसा हळूहळू निकामी करणारा आजार, संथ होतो. अमेरिकेत सुरू झालेल्या 'पेशंट्सलाइकमी' या संकेतस्थळावरच्या अनेक रुग्णांनी ते घ्यायला सुरुवात केली आणि आपली स्थिती वेळोवेळी नोंदवत गेले. लिथियम घेणाऱ्या 149 जणांची तुलना त्यांच्यासारख्याच, पण ते न घेणाऱ्या रुग्णांशी केली. 2011 मध्ये निष्कर्ष छापून आला: काही उपयोग नाही. पुढच्या चाचण्यांतही तेच दिसलं. ती माणसं स्वतः त्या आजाराने खचत होती, तरी नोंदी ठेवत राहिली.

तूही एक वही कर. सकाळी उठल्यावर बोटं मोकळी व्हायला किती मिनिटं लागतात ते रोज तारीख घालून लिही. गोळीचा वार ठरवून तो पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात लिही. पुढच्या तपासणीला ती वही सोबत ने. मीही येते, फक्त वेळ कळव.

तुझी,
मावशी